एकोणतिसाला थांबायचं

“तपासणाऱ्याची चूक झाली आहे,” नरसिंहराव कानडीत तिसऱ्यांदा म्हणाले. “अकराशे सत्तेचाळीस ही मूळ संख्याच आहे. सव्वीस वर्षं मी शाळेत गणित शिकवतो आहे.”

टेबलापलीकडचा अधिकारी तरुण होता आणि सभ्यही होता. उद्धट असता तर पुढचं सगळं सोपं गेलं असतं. त्या सरकारी कचेरीत आकडेमोडीच्या कामावर मुली घेत होते. शेवटची एक जागा उरली होती आणि नरसिंहरावांच्या विमलाची ती एका गुणानं हुकली होती. दहा संख्यांपैकी मूळ कोणत्या आणि संयुक्त कोणत्या, ते परीक्षेत ओळखायचं होतं. विमलाच्या नऊ बरोबर आल्या, दहावी चुकली.

नरसिंहराव हे ऐकून घेणारे नव्हते. आकडा दिसला की त्याला भाग लावून बघितल्याशिवाय या गृहस्थांना चैन पडत नसे. बसचा नंबर, घराचा नंबर, काहीच त्यांच्या तावडीतून सुटत नसे. दोनापासून एकेका मूळ संख्येनं भागत जायचं आणि एकोणतिसाला थांबायचं. तोवर भाग गेला नाही तर संख्या मूळ, हा त्यांचा नियम हाताखालून गेलेल्या प्रत्येक पोराला पाठ होता. वर्गमुळाची भानगड मुलांना कशाला, असं ते म्हणत. पुस्तकातल्या संख्या नऊशेच्या पुढे जात नसत, त्यामुळे नियम कधी तोंडघशी पडला नव्हता. विमलाकडून तर त्यांनी तो चौथीतच घोटून घेतला होता.

अधिकारी वाद घालत बसला नाही. त्यानं आकडेमोडीचं यंत्र जवळ ओढलं, त्यावर सदतीस लावले, दांडा एकदा फिरवला, मग यंत्र एक घर सरकवून आणखी तीनदा फिरवला. आणि यंत्राचं तोंड नरसिंहरावांकडे वळवलं. वरच्या फटीत आकडे उभे होते: एक, एक, चार, सात.

सदतीस एकतीस वेळा; म्हणजे एकतिसानं भाग जात होता. दोन पावलं पुढे, एवढंच.

“कुणाचंही होतं असं, सर,” अधिकारी हळूच म्हणाला.

नरसिंहराव उठले. छत्री तिथेच राहिली आणि ती आणायला ते परत गेले नाहीत. राजाजीनगरपर्यंत चालताना त्यांना सकाळची विमला आठवत होती. “जाऊ नका अण्णा, गेलं ते गेलं,” असं ती दोनदा म्हणाली होती. पोर भित्री आहे, असं समजून ते तिला बाजूला सारून निघाले होते.

ही जागा म्हणजे नुसती नोकरी नव्हती. तुमकूरच्या हयवदननं विमलाला मागणी घातली होती. गोदामावरचा कारकून, दोन मुलांचा बाप, बायको जाऊन वर्षही झालेलं नाही. नोकरी लागली तर त्याला नकार कळवायचा, असं विमलाच्या आईनं, कृष्णाबाईंनी कबूल केलं होतं. विमलानं जन्मात हट्ट असा हा एकच धरला होता.

घरी मायलेकी अवरेकाईच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. काय झालं, असं कृष्णाबाईंनी विचारलं.

“आधीच ठरलेलं होतं सगळं,” नरसिंहराव कोट काढत म्हणाले. “वशिल्याची मुलगी घेतली त्यांनी.”

सव्वीस वर्षांत त्यांनी फळ्यावर एकही खोटी बाकी लिहिली नव्हती. विमलाचे हात थांबले. तिनं वडिलांकडे पाहिलं, जरा जास्तच वेळ पाहिलं.

“सरी, अण्णा. बरं,” ती म्हणाली आणि तिनं पुढची शेंग घेतली.

दुसऱ्याच दिवशी नरसिंहरावांनी वर्गात नियम बदलला. वर्गमूळ काढायचं आणि तिथवर भागत जायचं, एकोणतिसाला थांबायचं नाही, असं त्यांनी सांगितलं. का, ते कुणी विचारलं नाही. परक्यांच्या चाळीस मुलांना त्यांनी खरं सांगून टाकलं; घरी मात्र त्यांची जीभ रेटली नाही. आज सांगू, उद्या सांगू म्हणता म्हणता वैशाख आला आणि विमलाचं लग्न झालं.

यशवंतपूरच्या फलाटावर हयवदन पाणी भरायला उतरला होता. विमला खिडकीशी बसली होती. धाकटं पोर तिच्या मांडीवर झोपलं होतं, थोरलं तिच्याकडे पाठ करून बसलं होतं. नरसिंहरावांनी खिडकीचा गज धरला.

“विमले, ते एकतीस...”

“मला ठाऊक होतं, अण्णा. परीक्षेहून आल्या आल्याच भागून बघितलं मी.”

“मग मला जाऊ कसं दिलंस?”

“जाऊ नका म्हटलं की मी.”

वशिल्याबद्दल ती एक अक्षर बोलली नाही. आईला गुडघ्याला तेल लावून द्या, एवढं सांगून तिनं पोराचं डोकं सरळ केलं. क्षमा माग असं नरसिंहरावांचं मन सांगत होतं, पण पोरीसमोर ते शब्द या माणसाला कधी उच्चारताच आले नव्हते. तेवढ्यात हयवदन तांब्या घेऊन आला आणि गाडी हलली.

डब्यावर नंबर होता, सतराशे त्रेसष्ट. नरसिंहराव गाडीबरोबर चालू लागले. डोकं आपलं काम सवयीनं करत होतं. एकोणतिसापर्यंत भाग गेला नाही. ते थांबले नाहीत. एकतिसानं भागलं, सत्तावीस उरले. सदतिसानं भागलं, चोवीस उरले. फलाट संपला. डबा वळणाआड गेला, आणि भागायचं अजून राहिलंच होतं.