सरांच्या वाट्याची चावी

शिवकन्या उमरग्याहून सकाळच्या एसटीनं तुळजापूरला आली ती नववा पासवर्ड मनात घोकत. आठ चुकले होते. दहा चुकले की कुलूप कायमचं बंद, आणि हा दहाचा नियमही तिनंच हट्टानं घातलेला. आता बोलायचं कुणाला?

भानगड अशी. वसंतराव सरांच्या बायकोची, प्रेमलाकाकूंची नजर शुगरनं गेली. पेपर वाचल्याशिवाय ज्यांचा दिवस उजाडायचा नाही, त्या बाई नुसत्या बसून राहायला लागल्या. मग सरांचे दोन जुने विद्यार्थी, कैवल्य आणि शिवकन्या, यांनी मिळून ‘सांगावा’ नावाचं फुकट सॉफ्टवेअर बनवलं. फोनवर लिहिलेलं काहीही मोठ्यानं वाचून दाखवायचं, तेही खुद्द सरांच्या आवाजात. सरांनी मधल्या खोलीत पंखा बंद करून चार महिने रेकॉर्डिंग दिलं. घामानं निथळायचा तो माणूस. हळूहळू डोळ्यांनी अधू अशी चारशे माणसं सरांच्या तोंडून बातम्या ऐकू लागली.

प्रोग्रॅम सगळ्यांना खुला होता. कुणीही उघडून बघावा, दुरुस्ती पाठवावी. पण ती दुरुस्ती आत घ्यायची, नवा माणूस आत घ्यायचा किंवा सरांच्या आवाजाला हात लावायचा, तर सर, कैवल्य आणि शिवकन्या या तिघांनी आपापला पासवर्ड टाकायचा. कैवल्य म्हणाला होता, तिघांपैकी दोघं पुरे. शिवकन्या कुठली ऐकते. तिच्या वडिलांनी उभी केलेली दूध संस्था दोघांनी संगनमत करून कशी घशात घातली, ते तिनं लहानपणी बघितलेलं.

“दोघं एक झाले की तिसऱ्याला विचारतो कोण?” ती म्हणाली. “तिघंही लागतील. पासवर्ड कुठं लिहायचा नाही. मूळ रेकॉर्डिंगही पुसून टाका, सरांच्या आवाजात कुणी फसवे फोन करायला नकोत.”

सर चष्मा पुसत म्हणाले, “अगं, पण तिघांतला एखादा गेला तर काय करायचं, तेही एका ओळीत घाल.”

शिवकन्येनं कानाला हात लावले. “सर, असलं अभद्र कशाला लिहायचं? शंभर वर्षं जगा तुम्ही.”

झालं. ती ओळ राहिली ती राहिलीच. एवढी शिकलेली पोरगी, पण मोठ्या माणसाच्या मरणाचं नाव कागदावर घ्यायला धजली नाही.

सर मागच्या पौषात गेले. दोन महिन्यांनी फोन आपोआप अपडेट झाले आणि ‘सांगावा’ सगळीकडं मुका झाला. दुरुस्ती शिवकन्येनं तीन दिवसांत करून ठेवली. आणखी पाच-सहा जणांनीही पाठवल्या. सगळ्या दाराबाहेर पडून. कुणी लिहायचं, ‘मला आत घ्या, मी बघतो.’ अरे बाबा, आत घ्यायलाच तर तिसरा, सरांचा पासवर्ड नाही. हळूहळू तीही पोरं येईनाशी झाली. शेवटी एकानं विचारलं, ‘हा प्रकल्प जिवंत आहे का?’ त्याला काय लिहावं ते तिला आजवर सुचलेलं नाही. कैवल्य पुण्याहून म्हणाला, “सोड आता. नवीन सुरू करू, दुसऱ्या कुणाचा तरी आवाज लावू.” बाकीच्यांचं भागेल त्यात. सरांचा आवाज तर कुलपाआडच अडकलेला, काकूंचं कसं भागावं?

शिवकन्या तुळजापूरच्या घरी पोचली तेव्हा काकू आपला फोन मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

“काकू, आणखी एक सुचलाय. तुमचं माहेर.”

“तामलवाडी? बघ टाकून.”

तिनं स्वतःच्या फोनवर जपून एकेक अक्षर टाकलं. पासवर्ड चुकीचा आहे. एक प्रयत्न शिल्लक.

काकूंना स्क्रीन दिसत नव्हती, पण शिवकन्या गप्प झाली तेवढ्यावरून त्या समजल्या. “नाही ना?”

“नाही.”

“तुला एक सांगू?” काकू फोनवरून बोट फिरवत म्हणाल्या. “त्यांना सोलापूरला दवाखान्यात नेलं ना, तेव्हा गाडीत माझा हात धरून म्हणाले, ‘प्रेमला, तो पासवर्ड ऐकून ठेव, शिवकन्येला लागेल.’ मी त्यांच्या तोंडावर हात ठेवला. म्हटलं, असं निरवानिरवीचं बोलू नका. घरी आल्यावर सांगा.”

आपणही सरांना असंच गप्प केलं होतं, हे सांगायला शिवकन्येनं तोंड उघडलं. सांगितलं असतं तर काकूंचं ओझं जरा हलकं झालं असतं. पण तिची जीभ उचलली नाही, आणि तिला स्वतःची लाज वाटली.

“शेवटचा टाकून बघू?” तिनं विचारलं.

“नको. तेवढा एक राहू दे.” काकूंनी मांडीवरचा फोन चाचपून तिच्या हातात दिला. “आणि हा चार्जिंगला लाव. बंद पडायला आला असेल.”