ब्रेक लावल्यावर येणारा आवाज

बडोद्यातल्या पाणीगेटला गाडी बघायला जाण्यापूर्वी माझ्या बायकोने, नीराने, मला एकच अट घातली. अट मूळची माझीच होती. तिने ती फक्त परत केली.

"ज्याचं कारण सांगता येत नाही असा एक जरी दोष निघाला, तरी गाडी घ्यायची नाही," ती म्हणाली. "गोत्रीचा फ्लॅट आठवतोय ना?"

आठवत होता. तिला मनापासून आवडलेला तो फ्लॅट मी स्वयंपाकघराच्या भिंतीतल्या एका बारीक तड्यामुळे नाकारला होता. तडा आडवा का गेला, हे बिल्डरला सांगता आले नाही आणि मलाही कळले नाही. कारण न कळलेला दोष हा कळलेल्या दोषापेक्षा महाग पडतो, असे मी तेव्हा म्हणालो होतो. वाक्य चांगले होते. त्या फ्लॅटमध्ये आता दुसरे कुटुंब सुखाने राहते.

मकरपुऱ्यातल्या एका कारखान्यात फिरत्या यंत्रांची कंपने तपासणे हे माझे काम आहे. पंप किंवा पंखा कशाने आजारी आहे, हे त्याच्या आवाजावरून सांगणे यात गूढ काही नाही; कान, उपकरण आणि संशय एवढे पुरते. अशा माणसाने वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी स्पोर्ट-टूरिंग मोटारसायकलच्या नादी लागावे, याला मात्र समाधानकारक स्पष्टीकरण नाही. ही गाडी म्हणजे शर्यतीच्या इंजिनाला लांबच्या प्रवासाची बैठक, वाऱ्याला अडवणारी काच आणि कपड्यांच्या दोन पेट्या जोडून केलेली तडजोड असते. मी तिच्याविषयी इतकी वर्षे वाचत होतो, की नीराच्या मते मी ती मनातल्या मनात दोनदा घेऊन विकूनही टाकली होती.

"रिक्षाने जाऊ," मी म्हणालो.

"स्कूटर असताना?"

"पाणीगेटला पार्किंगचा त्रास आहे."

"येताना स्कूटर कोण आणणार, याचा त्रास आहे." नीरा महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते, फार लहान गोष्टीही तिच्या नजरेतून सुटत नाहीत.

गाडीचे मालक प्रतापसिंहराव सत्तरीचे होते. त्यांचे पणजोबा संस्थानच्या पागेवर अधिकारी होते, हे त्यांनी फाटक उघडता उघडताच सांगितले. गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली होती आणि कानाचे यंत्र बुशशर्टाच्या खिशात होते.

"डॉक्टर म्हणतात, आता बसा," ते मोठ्याने म्हणाले. "म्हटलं, बसतोच आहे की, हिच्यावर. तर म्हणतात, खुर्चीवर! दुपारी आणंदहून एक मुलगा येतोय बघायला. पण तुम्ही आपले मराठी माणूस. तुमचा मान पहिला."

त्यांनी पत्र्याच्या शेडमधल्या आकृतीवरची चादर ओढली.

निरीक्षक आणि वस्तू यांच्यात अंतर असावे, असा नियम आहे. मी अंतर ठेवले. गाडी गडद निळी होती.

"अहो," नीरा हळूच म्हणाली, "तोंड मिटा."

मी तोंड मिटून कामाला लागलो. इंजिनावर तळहात ठेवून ते थंड असल्याची खात्री केली; विकणारा गाडी आधीच तापवून ठेवतो, तेव्हा सुरू होतानाचे दोष झाकले जातात. तेल, साखळी, टायर, ब्रेकच्या चकत्या, सारे ठीक होते. पुढच्या प्लास्टिकच्या कवचात डावीकडे एक छोटा कप्पा होता. त्यात तळहाताएवढा लाल कापडाचा तुकडा निघाला; आरसे पुसण्याचा असावा, असे समजून मी तो परत ठेवला. कप्प्याच्या तळाशी बोटभर फट होती. किरकोळ.

"एक चक्कर मारून येतो," मी शक्य तितक्या कोरड्या आवाजात म्हणालो.

आजवा रोडवर बाजारपेठेची गर्दी संपेपर्यंत मी अत्यंत जबाबदारीने वागलो. पुढे रस्ता मोकळा झाला आणि मी उजवे मनगट अंशभर फिरवले. त्यानंतरच्या काळाचे वर्णन मला नेमकेपणाने करता येत नाही, याचा खेद आहे. दुकाने मागे गेली. हेल्मेटच्या आत कोणीतरी मोठमोठ्याने हसत होते. आत माझ्याखेरीज दुसरे कोणी असण्याची शक्यता नगण्य होती.

महामार्गाच्या चौकडीपाशी, म्हणजे चौकात, ब्रेक लावला, आणि आवाज आला.

टक.

पुन्हा वेग घेतला, तेव्हा जरा मागून आला. टक.

हसणे थांबले. ब्रेक लावल्यावर पुढून येणारा ठोका म्हणजे बहुधा हँडलच्या दांड्याचे बेअरिंग सैल झालेले असते. मी उतरलो, पुढचा ब्रेक दाबून गाडी हलवून पाहिली. बेअरिंग पक्के होते. ब्रेकचे पॅड पक्के होते. उभी गाडी चकार शब्द बोलत नव्हती.

परत आल्यावर प्रतापसिंहरावांना आवाजाबद्दल विचारले. त्यांनी यंत्र कानात घातले, मला प्रश्न पुन्हा विचारायला लावला आणि ते दुखावले.

"आवाज? हिच्यात? पाच वर्षांत मी कधी ऐकला नाही."

"यंत्र घालून चालवत होता का?"

"हेल्मेटखाली यंत्र टोचतं हो."

नीराने माझ्याकडे पाहिले. त्या नजरेत गोत्रीची अख्खी सोसायटी होती.

"एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढणं बरोबर नाही," मी घाईने म्हणालो आणि पुन्हा निघालो.

दुसरी चक्कर पेट्या काढून मारली. तिसरी पेट्या लावून. चौथी कशासाठी होती, ते आठवत नाही, पण त्या वेळी तिची आवश्यकता स्पष्ट वाटली होती. प्रत्येक वेळी जाताना मी हसत होतो आणि येताना माझा चेहरा पडलेला होता, अशी नोंद नीराने फाटकापाशी उभ्या उभ्या केली.

"रमाकांतराव," प्रतापसिंहराव म्हणाले, "मुलगी पसंत आहे की नाही ते सांगा. पेट्रोल माझं जातंय."

"शेवटची एकच. नीरा मागे बसेल. दोन कान जास्त."

प्रतापसिंहरावांच्या पत्नी कांचनकाकूंनी आतून एक जुने हेल्मेट आणून दिले. ते देताना त्या नीराला काहीतरी सांगू पाहत होत्या, पण प्रतापसिंहराव म्हणाले, "चालो, चालो, चहा टाका," आणि त्या आत वळल्या.

चौकडीपाशी मी ब्रेक लावला. टक. वेग घेतला. टक. मागे नीराचे खांदे थरथरत असल्याचे मला पाठीला जाणवले. ती घाबरली असावी, म्हणून मी वेग कमी केला. टक. थरथर वाढली.

शेडमध्ये परत आलो. हेल्मेट काढून मी तिला सारे मुद्देसूद सांगितले, कारण हरायचे तर पद्धतशीर हरावे.

"इंजिनाचा संबंध नाही, आवाज इंजिनाच्या गतीनुसार बदलत नाही. ब्रेक लावल्यावर पुढे आणि वेग घेतल्यावर मागे, म्हणजे कवचाच्या आत काहीतरी सुटं आहे आणि ते घरंगळतं. घरंगळतं म्हणजे गोलसर आहे. बोल्ट नाही; बोल्ट सगळे जागेवर आहेत, आणि हा आवाज धातूचा नाही. प्लास्टिकचाही नाही. टणक, भरीव, बोरापेक्षा मोठं, आवळ्यापेक्षा लहान. आणि अशा वर्णनाचा एकही भाग या मोटारसायकलमध्ये असू शकत नाही. त्यामुळे कारण सांगता येत नाही." मी किल्ली प्रतापसिंहरावांपुढे धरली. "अट म्हणजे अट. आणंदच्या मुलाला येऊ द्या."

 नीरा हेल्मेट पोटाशी धरून शेडच्या खांबाला टेकली होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते.

"इतकं लावून घेऊ नकोस," मी म्हणालो. "मोटारसायकलच आहे."

"सुपारी!" नीराला कसेबसे बोलता आले. "अहो, सुपारी आहे ती!"

चहाचा ट्रे घेऊन आलेल्या कांचनकाकू दारातच थांबल्या. "सापडली का?"

"काय सापडली?" प्रतापसिंहरावांनी यंत्र चाचपले.

"दसऱ्याची," काकू म्हणाल्या. "पूजेला गणपती म्हणून मांडलेली. म्हटलं, गाडीबरोबरच असावी, म्हणून लाल कापडात बांधून त्या कप्प्यात ठेवली. दुसऱ्या दिवशी बघते तर नुसतं कापड. मला ओरडाल म्हणून बोलले नाही."

"पागेतल्या जनावराला असले प्रकार आमच्या घराण्यात कोणी केले नाहीत!"

"केले. सासूबाईंनीच मला शिकवलं."

मी कप्पा उघडला. लाल कापड. फट. मघाशी मी दोन्ही पाहिलेले, आणि दोन्ही किरकोळ म्हणून सोडून दिलेले. सुपारीचे वर्णन मी एवढ्या अचूकपणे केले होते, की फक्त नाव सांगायचे राहिले होते. पण एक मुद्दा उरत होता.

"तुला नुसत्या आवाजावरून कसं कळलं?" मी नीराला विचारले.

तिचे हसणे एकदम आटोपले. तिने काकूंकडे पाहिले. काकूंनी ट्रेकडे पाहिले.

"आपल्या स्कूटरमध्येही एक आहे," नीरा म्हणाली. "घेतली त्या दिवसापासून."

"स्कूटरच्या आवाजाचं कारण हत्यारांच्या डब्याचं झाकण आहे. मी तपासलंय. मी त्यावर लोकांना समजावून सांगितलंय!"

"हो, पाहुण्यांना. आकृती काढून. मी तिथंच असायचे."

"तू शास्त्र शिकवतेस, नीरा."

"मग? शिकवते की. आजवर अपघात नाही झाला."

"त्यावरून काहीही सिद्ध होत नाही."

"मी कुठं म्हणाले सिद्ध होतं? तुम्ही चिडाल म्हणून सांगितलं नव्हतं. आज गप्प बसले असते, तर तुम्ही किल्ली परत केली असती, आणि माझं बिंग फुटलं नसतं." ती किल्लीकडे बोट दाखवत म्हणाली, "कारण कळलं ना? मग घ्या गाडी. मघापासून चार वेळा लहान पोरासारखे हसत गेलात, आणि परत येतानाचा तो पडलेला चेहरा मला नाही बघवत."

तर्काने पाहता तिचे म्हणणे निर्दोष होते. अटीत कारण कळण्याची मागणी होती. ते कारण अभिमान बाळगण्याजोगे असावे, अशी नव्हती.

प्रतापसिंहरावांचा फोन वाजला. आणंद.

"गाडी तो परणी गई, भाई!" ते फोनमध्ये ओरडले. "हा, हा. आत्ताच लग्न लागलं. जावई बडोद्याचाच मिळाला!"

कागदांवर सह्या झाल्या. मी पेचकस मागितला. चार स्क्रू काढले की कवच सुटले असते. काकू म्हणाल्या, सुपारी हलवायची तर आधी अक्षता वाहाव्या लागतील, तांदूळ आणते. मी क्षणभर विचार केला. सुपारीतल्या गणपतीवर माझा विश्वास नाही. परंतु ज्याचे उगमस्थान, वस्तुमान आणि वर्तन ठाऊक आहे असा आवाज हा दोष नसतो, तर माहिती असते. मी पेचकस परत दिला.

प्रतापसिंहरावांनी गाडीच्या टाकीवरून एकदा हात फिरवला, घोड्याच्या मानेवरून फिरवतात तसा, आणि फाटक पूर्ण उघडले.

पाणीगेटहून तरसालीतल्या आमच्या घरापर्यंत गतिरोधक पुष्कळ आहेत. पहिल्याच्या आधी मी गरजेपेक्षा किंचित जास्त ब्रेक लावला. टक. मागून नीरा हसली. दुसऱ्याच्या आधी तर गरजच नव्हती. टक. या वेळी हेल्मेटांच्या आत दोन माणसे हसत होती आणि दोघांचीही ओळख पटलेली होती.

"आता कशाला?" ती माझ्या कानाशी ओरडली. "कारण कळलंय ना!"

"निरीक्षणं अजून अपुरी आहेत!"

"मग गोत्रीवरून घ्या," नीरा म्हणाली. "तो तडा बघून येऊ."

गोत्री तरसालीच्या वाटेवर नाही. ती शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे. हे तिला ठाऊक होते. मलाही ठाऊक होते. मी ब्रेक लावला, टक, आणि गाडी वळवली.