बारकीचा वाटा

त्या घरात कुठलंही काम एकट्याने करायची पद्धतच नव्हती. बल्ब गेला की बाबा स्टूल धरत, दादा वर चढे, आई नवा बल्ब हातात घेऊन उभी राही आणि आत्या दारातून "डावीकडे फिरव, डावीकडे" असं ओरडत राही, बल्ब उजवीकडे नीट बसत असला तरी. दादाच्या परीक्षेच्या वेळी बाबा पहाटे उठले, आईने कॉफी केली, आत्याने मौन पाळलं आणि दादा झोपला. तो नापास झाला तेव्हा त्याचं दुःखही सगळ्यांनी वाटून घेतलं, त्यामुळे ते कुणालाच पुरेसं झालं नाही.

अशा घरात शेंडेफळाला, म्हणजे बारकीला, पीसीओएस हा बीजकोशांचा विकार निघाला. बारकी ही नावाचीच बारकी. ती एका बेकरीत केकवरचं क्रीम फेटायची. प्रत्येक भांड्यातल्या क्रीमची चव घेणं हा तिच्या नोकरीचा भाग होता, आणि तो ती फार मनापासून करायची. कित्येक महिने पाळीचा पत्ता नव्हता. हनुवटीवर दोन राठ केस उगवले होते; उपटले की भावंडांना घेऊन परत येत. वरवर ती हे सगळं हसण्यावारी नेई, पण आतून पार टरकली होती. आपलं शरीर आपल्याला न विचारता कुठेतरी अडून बसलंय, एवढंच तिला कळत होतं.

"सोनोग्राफीत दिसतात त्या गाठी नाहीत हो," डॉक्टरबाई म्हणाल्या. "अर्धवट वाढून तिथेच अडकलेली बीजं आहेत. शरीरात इन्सुलिन जास्त झालं की बीजकोशांना भलतेच निरोप जातात आणि त्यांचं वेळापत्रक कोलमडतं. हे पूर्ण नाहीसं होत नाही, पण ताब्यात ठेवता येतं. रोज भरभर चालायचं, थोडं वजन उचलायचं, वेळेवर झोपायचं, साखर कमी. जेवणात डाळी, अंडी, भाज्या वाढवायच्या."

"आणि पुदिन्याचा चहा?" आत्याने विचारलं. ती सोबत आली होती, हे सांगायला नकोच.

"आवडत असेल तर प्या. पण सगळी भिस्त त्याच्यावर ठेवू नका. तीन महिन्यांनी या. तोवर पाळी आली नाही तर गोळ्या देऊन आणू. इतके महिने न येणं गर्भाशयाला बरं नाही."

बारकीला गोळ्यांचं काही वावडं नव्हतं. पण पाळी एकदा तरी आपली आपण यावी, असं तिला फार, म्हणजे अगदी रडू येईल इतकं वाटत होतं.

घरी आल्यावर सगळे टेबलाभोवती बसले. बाबांनी घसा खाकरला. "चालणं माझ्याकडे." बाबांनी जन्मभर बस चालवली होती, स्वतः चालायची ही पहिलीच वेळ. आई म्हणाली, "वजनं मी उचलते, तुम्हा कुणाला झेपायचं नाही." आत्याने साखर आणि पुदिना घेतला. दादा थोडा वेळ गंभीर झाला आणि मन मोठं करून म्हणाला, "ठीक आहे. झोप मी घेतो."

"आणि मी?" बारकीने विचारलं.

"तुझ्याकडे आजार आहे ना," आई म्हणाली. "तेवढं पुरे. एकटीने किती म्हणून ओढशील?"

हा शुद्ध वेडेपणा आहे हे बारकीला कळत नव्हतं असं नाही. पण त्या क्षणी तिला फार हलकं वाटलं. शहाण्या मुलीने तिथेच टेबलावर हात आपटला असता. बारकी मुकाट्याने कामाला निघून गेली.

मग घराला नुसता ऊत आला. बाबांनी नवे बूट आणले आणि सकाळ-संध्याकाळ रस्ते तुडवायला लागले. आईने सुरुवात पाण्याच्या बाटल्यांनी केली, तिथून ती पिठाच्या पोत्यावर गेली, आणि एके दुपारी दादा सोफ्यावर आपला वाटा पार पाडत असताना तिने त्याच्यासकट सोफा उचलून खालचा केर काढला. दादाला जाग आली नाही. कामाला तो पक्का होता. आत्याचे मात्र साखरेवाचून फार हाल झाले. ती शेजाऱ्यांशी भांडली, मग पोस्टमनशी, आणि कुणीच सापडेना तेव्हा पंख्याशी. पुदिना तर तिच्या अंगाला इतका लागला की ती खोलीत आली की कुणीतरी नुकतेच दात घासलेत असं वाटे. बारकी तोंडात क्रीमचा चमचा धरून सगळ्यांना शाबासकी देई.

तीन महिन्यांनी अख्खं घर दवाखान्यात हजर.

"बाई, माझी पॅन्ट बघा," बाबा कमरेची सैल पट्टी ओढून दाखवत म्हणाले. बाईंनी बघितली नाही.

"पेशंट कोण आहे?" त्यांनी विचारलं. सगळ्यांनी बारकीकडे बोट दाखवलं.

"आणि चालतं कोण?" बाबांनी हात वर केला.

"वजन?" आईने उत्तरादाखल बाईंच्या टेबलाची एक बाजू उचलली. पेनं घरंगळत दादाच्या मांडीवर गेली.

"पाळी आली?"

आता सगळे एकमेकांची तोंडं बघू लागले. हा वाटा कुणाकडे दिला होता, ते कुणालाच आठवेना.

"नाही," बारकी म्हणाली. डॉक्टरबाई हसू दाबत होत्या, दादा पेनं गोळा करत होता, आणि बारकीचा मात्र एकाएकी बांध फुटला. "येईल कशी? मी काही केलंच नाही! मला भीती वाटत होती. तुम्ही सगळे पळापळ करायचात, तेवढा वेळ ती वाटायची नाही, म्हणून मी गप्प बसले. आता पुरे. माझं मला परत द्या."

बाबा खाली मान घालून नव्या बुटांकडे बघत राहिले. बाईंनी मग हसणं बाजूला ठेवलं. "या वेळी गोळ्यांनी आणू," त्या म्हणाल्या. "पुढची आपली आपण येते का, ते बघू. शब्द मी देणार नाही हं. पण आता तुम्ही करा."

उपचार परत घेणं वाटलं तितकं सोपं नव्हतं. आत्याने आपला वाटा दवाखान्याच्या पायरीवरच सोडला आणि समोरच्या दुकानातून बिस्किटं आणली. दादा म्हणाला, झोप काय, दोघांना पुरेल. पण बाबा हटून बसले. "मी चालणं देणार नाही. माझा आता कुठे जम बसलाय."

"बाबा, ते मला सांगितलंय!"

शेवटी तोडगा निघाला: बाबांनी चालावं, पण मागून. पहिल्या दिवशी बारकीला गल्लीच्या टोकालाच धाप लागली. "पुढच्या कोपऱ्यावर थांबा आहे," बाबा मागून म्हणाले, आणि तो कोपरा आला की थांबा त्याच्याही पुढच्या कोपऱ्यावर गेलेला असे. आईने तिला बाटल्या उचलायला शिकवल्या, तेही ओरडून. बेकरीच्या मालकीणबाईंनी सांगितलं, "चमच्याच्या टोकाने चव घे, थुंक, आणि गोड कमी की जास्त तेवढं सांग." सकाळी ती अंडी खाऊन निघू लागली. फार कंटाळा यायचा. भीतीही वाटायची, आणि आता ती वाटून द्यायला कुणी नव्हतं. ती तशीच घाबरत घाबरत चालायची.

गोळ्यांची पाळी आली आणि गेली. घरच्यांनी टाळ्या वाजवल्या. बारकी म्हणाली, ही धरायची नाही. पुढचा महिना कोरडा गेला. आईने काही विचारलं नाही, फक्त आणखी एक बाटली हातात दिली. रडकुंडीला येऊन बारकी तीही उचलत राहिली.

आणि मग एका दुपारी, क्रीम फेटता फेटता, तिच्या ओटीपोटात कळ आली. आधी तिला वाटलं अंडी बाधली. ती मागच्या बाथरूममध्ये जाऊन बघून आली, आणि चिकट हातांनीच तिने घरी फोन लावला. फोन आत्याने उचलला आणि सवयीप्रमाणे सगळ्यांना ऐकू जाईल असा ठेवला.

"आत्या, पोट दुखतंय गं!" बारकी एकाच वेळी हसत होती आणि रडत होती.

पलीकडे भांडी वाजायची थांबली. दादाची जांभई अर्ध्यावर राहिली.

"कुणाचं?" आत्याने विचारलं.

"माझं," बारकी म्हणाली. "आत्या, माझं दुखतंय."