तेरेझाच्या आंब्यावरचा गरुड

तेरेझाने मिक्सर बंद केला तेव्हा कुठे तिला कोंबड्यांची ओरड ऐकू आली. वाटलेलं खोबरं तसंच टाकून ती मागे धावली. कुंपणाच्या दगडी गडग्यापलीकडे, शेजारच्या अक्काच्या काजूखाली, तिची काळी कोंबडी पडली होती. छाती फाडून खाल्लेली, भोवती पिसंच पिसं. आणि वर, माडांच्या शेंड्यांना घासून जाईल इतकी खाली, तांबडी घार फिरत होती. पंख विटकरी, डोकं आणि छाती पांढरीशुभ्र.

"अक्का! गो अक्का! तुज्या गरुडान आज काळी खाल्ल्यान!"

अक्का मोबाईल हातात घेऊनच बाहेर आली. मोबाईलवर कीर्तन चालू होतं. तिचा हा नेमच होता. पूजा आटोपायची, पाखरांना मूठभर तांदूळ टाकायचे आणि मग स्वयंपाकघरात मोठ्या आवाजात एक कीर्तन ऐकायचं. बुवांनी साकी-दिंडी गायला घेतली की गडग्यापलीकडे वरात गेली असती तरी तिला पत्ता लागला नसता. काजूखालची कोंबडी बघून तिने कीर्तन बंद केलं. आख्यान अर्धवट सोडणं तिच्याकडून सहसा होत नाही.

तेरेझाच्या कोंबड्या ईस्टरसाठी होत्या. किनाऱ्यावरच्या होम-स्टेवाल्यांना तिने शब्द दिला होता आणि गेल्या महिन्यापासून कोंबड्या एकेक करून कमी होत होत्या. प्रत्येक वेळी वर बघावं तर हीच घार. तिचं घरटं तेरेझाच्याच रायवळ आंब्यावर, गडग्याला लागून. अक्का तिला गरुड म्हणायची आणि रोज सकाळी आंब्याकडे बघून हात जोडायची.

तेरेझाचा नवरा आल्बर्ट काठी घेऊन आला. कोंबडी बघून त्याने काठी ठेवून दिली.

"सोमवारी बाबली नारळ पाडूक येतलो. त्याका घरट्याची फांदी तोडूक सांगतंय."

"अरे आल्बर्ट, थंय पिल्लू आसा."

"माज्या खुराड्यात पण पिलां आसत, अक्का."

"तां विष्णूचा वाहन रे!"

"मगे वाहनाचा पेट्रोल मालकान घालूक व्हया. माज्या खुराड्यातसून कित्या?"

अक्काला हसू आलं, पण तिने हटून सांगितलं, "आवशीक सोडवूक सर्गातसून अमृत हाडल्यान त्येना. तो असलां काम करूचो नाय."

"अमृत हाडल्यान, आनी माजी काळी न्हेल्यान," तेरेझा म्हणाली.

कीर्तनात बुवा पूर्वरंगात एक सिद्धान्त मांडतात, पण तेवढ्यावर उठून जात नाहीत. उत्तररंगात आख्यान लावून तो पटवून द्यावा लागतो, नाहीतर श्रोते घरी गेल्यावर बोलतात. गरुड निर्दोष आहे हे अक्काने मांडलं होतं. पटवायचं राहिलं होतं.

"सोमवारपर्यंत माका येळ दी," ती म्हणाली. "गरुडच निघालो तर बाबलीची शिडी मीच धरतंय."

तिचा भाचा केयूर कणकवलीच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो. तिने त्याला फोन लावला.

"आत्या, पिसं अख्खी उपटलेली आहेत की चावून तुटलेली?"

अक्काने वाकून बघितलं. "अख्खी. ढीग घातलोहा."

"म्हणजे मुंगूस नाही, रानमांजर नाही. पक्षीच आहे. कोंबडी उचलून नेली की तिथंच खाल्ली?"

"हयच बसान खाल्ल्यान."

"तांबडी घार एखादं पिल्लू उचलेल, अगदीच नाही असं नाही. पण मोठी कोंबडी मारणं तिच्या आवाक्याबाहेरचं. मासे, खेकडे, बेडूक, उकिरड्यावरची घाण, हे तिचं खाणं. घरट्याखाली काय पडलंय ते बघ. आणि मेलेली कोंबडी आहे तिथंच राहू दे. मारणारा उरलेलं खायला परत येतो. आणि घरट्याला हात लावू नका, गुन्हा होईल."

शेवटचं वाक्य अक्काने आल्बर्टला सांगितलं नाही. गुन्ह्याच्या धाकाने वाचलेला गरुड तिला नको होता.

आंब्याखाली माशांचे काटे मिळाले, कुर्ल्यांची कवचं मिळाली, कसलंतरी वाळलेलं कातडं मिळालं. पीस एकही नाही. "धुवान खाता वाटता," आल्बर्ट म्हणाला.

दुपारी तिघं अक्काच्या मागच्या पडवीत बसली. अक्काने कोकम सरबत केलं. पहिल्यांदा आली ती तांबडी घारच. सरळ खाली झेपावली.

"बगा! बगा तुमचो भगत!" आल्बर्ट उठलाच.

पण घार काजूकडे गेलीच नाही. तेरेझाच्या परसाच्या कोपऱ्यात सकाळची मासळी साफ करून टाकलेली घाण होती. तिथून तिने आतडं उचललं आणि आंब्यावर गेली. तेरेझाने ग्लास खाली ठेवला. मागे काजूखाली मेलेल्या कोंबड्याही तिने त्याच कोपऱ्यात नेऊन टाकल्या होत्या. तिथलंच काहीतरी पायांत धरून उडताना तिने घारीला बघितलं होतं आणि तिच्यावर आळ घातला होता.

मग बराच वेळ काही नाही. आल्बर्टचा डोळा लागला. अक्काने त्याला कोपराने ढोसलं तेव्हा काजूखाली एक पक्षी उभा होता. घारीहून मोठा, पाठ तपकिरी, छातीवर काळपट रेघा, डोक्यावर उभी शेंडी, आणि पाय बोटांपर्यंत पिसांनी भरलेले. तो आकाशातून उतरला नव्हता. काजूशेजारच्या जांभळीच्या दाट पानांतून अलगद खाली आला होता. त्याने कोंबडीवर पाय रोवला आणि आपल्या घरातल्यासारखं जेवायला लागला.

अक्काने फोटो पाठवला. केयूरचं उत्तर आलं, "मोरघार. झाडीत लपून बसते, वरून टपकते. आकाशात शोधून सापडायची नाही."

"बरा," आल्बर्ट म्हणाला. "तुमचो गरुड सुटलो."

अक्काने आंब्याकडे बघून हात जोडले. त्या संध्याकाळी देवळात रामनवमीच्या उत्सवाचं कीर्तन होतं. तिथेही ती सगळ्यांना हीच हकिगत सांगत होती.

रविवारी सकाळी तेरेझा चर्चमधून परतली. गडग्यापाशी ती थांबली, कारण अक्का पूजा आटोपून बाहेर येत होती. अक्काने काजूखाली तांदूळ उधळले. "या गो, या." झाडांवरून कवडे उतरले. आणि त्यांच्यामागून तेरेझाच्या कोंबड्या गडग्यावर चढून पलीकडे टपाटप उड्या मारू लागल्या.

तेरेझाने वर बघितलं. जांभळीत काही दिसत नव्हतं. काल तरी कुठे दिसलं होतं?

"अक्का, तांदूळ रोज हयच घालतंस?"

"सासूच्या येळेपासून. कित्या?"

"माज्या परसात फणसाची सावळी आसा, दाणो आसा, पाणी आसा. तरी ही सगळी तुज्याकडे कित्या मरूक येतत, माका कळाच नाय. तू जेवणाक बोलयतंस गो, आनी ती मोरघार वर बसान वाट बगता!"

अक्का धुण्याच्या दगडावर बसली. मुठीत थोडे तांदूळ उरले होते. गरुडाला सोडवायच्या नादात, कोंबड्या काजूखालीच का मरतात हे तिने विचारलंच नव्हतं. आणि त्या मरत होत्या तेव्हा ती आत कीर्तन ऐकत होती.

"म्हंजे माज्याच हातान गो..."

"आता रडा नुको," तेरेझा म्हणाली. तिने कोंबड्या हाकलल्या आणि अक्काच्या शेजारी टेकली. "मी घाण टाकलंय, तू तांदूळ टाकलंस. दोघी मिळान त्या बिचाऱ्या घारीक फाशी देत होतंव."

सोमवारी बाबली कोयता घेऊन आला. आल्बर्टने त्याला फांदी सांगितली नाही, फाटकं मासेमारीचं जाळं दिलं. परसावर ते छपरासारखं ताणायचं होतं. तीन टोकं माडांना आणि चौथं आंब्याला, घरट्याच्या बरंच खाली. पैज जिंकली असूनही शिडी अक्कानेच धरली. वर तांबडी घार कर्कश ओरडत फेऱ्या मारत होती.

"बाबली," आल्बर्टने खालून विचारलं, "घरट्यात काय दिसता रे?"

बाबलीने मान उंचावली. "पिल्लू डोकावता. तारल्याची शेपटी लोंबता. एक पीस पण आसा."

अक्काने शिडी घट्ट धरली.

"कोंबडीचा?" तेरेझाने विचारलं.

"काळा आसा... कावळ्याचा दिसता."

"त्याका माफ," आल्बर्ट म्हणाला.

मंगळवारी पूजा झाल्यावर अक्का तांदळाची मूठ घेऊन तेरेझाच्या परसात आली आणि जाळ्याखाली उधळली. कोंबड्या धावल्या. चिमण्या जाळ्याच्या भोकांतून आत आल्या. कवडे बाहेर गडग्यावर बसून राहिले.

"ह्यांचा काय गो?" अक्काने विचारलं.

"त्यांका दुपारी घाल, कोंबड्या खुराड्यात गेल्यार. आता लाव तुज्या बुवाक. पण हय बसान ऐक."

अक्काने मोबाईल लावला आणि जांभळीकडे तोंड करून बसली. मोरघार आली होती. कुठल्या फांदीवर बसते ते आता तिला माहीत झालं होतं. कोंबड्या जाळ्याखाली दाणे टिपत होत्या. मोरघार बराच वेळ बघत राहिली, मग डोंगराच्या बाजूला निघून गेली. बुवांची दिंडी रंगात आली होती. अक्काने आवाज थोडा कमी केला.