रँडलच्या निळ्या होडीची साक्ष

मी बोलतेय, गवतातून. आहे मोटरबोट, निळी, सतरा फुटी. पण टेनेसी नदीत मी आजवर चारदाच उतरले. बाकीचं आयुष्य हंट्सव्हिलमध्ये रँडल प्रुइटच्या घरापुढे ताडपत्रीखाली गेलं.

रँडल लष्करी तळावर रॉकेटचे सुटे भाग तपासतो. दुकानात मला पाहिलं आणि गडी विरघळलाच. बायकोला, लोरीनला, त्यानं सांगितलं, "बोनसच्या पैशांतून रोख घेतली." खरं तर मी हप्त्यांवर आले. हप्ते थकले, तशी वसुलीची पत्रं येऊ लागली. ती न फोडताच तो माझ्या मासे ठेवायच्या कप्प्यात कोंबायचा. त्या कप्प्यानं मासा एकदाच पाहिला, तोही दुसऱ्यानं पकडलेला.

मग त्याच्या गुप्त कामाच्या परवान्याची फेरतपासणी आली. परवाना गेला की नोकरी गेली. फॉर्मवर विचारलं होतं, कुठलं कर्ज चार महिन्यांहून जास्त थकलंय का? रँडलनं माझ्याच सीटवर बसून 'नाही' लिहिलं. मला लाज वाटली, पण माझं कोण ऐकतं?

तपासनीस बाई शेजाऱ्यांकडेही चौकशी करतात, हे त्याला ठाऊक होतं. बाईंना मी दिसायला नको म्हणून त्यानं मला शेजारच्या मिस ओडेसांच्या अंगणात नेऊन लावलं. ज्यांना प्रश्न विचारले जाणार, नेमकं त्यांच्याच दारात. असा हा हुशार माणूस रॉकेट तपासतो.

"रँडल उधळ्या आहे का हो?" वही उघडत बाईंनी विचारलं.

"छे, दहा वर्षं तीच टोपी घालतोय," थंडगार गोड चहा ओतत मिस ओडेसा म्हणाल्या. "आणि ही होडी माझ्याकडे का आली, ते मात्र मला विचारू नका."

"मी विचारलंच नव्हतं."

बाई तडक कुंपणाशी गेल्या. पलीकडे रँडल झुडपं कापत असल्याचं नाटक करत होता.

"तुमच्या कर्जांची यादी आमच्याकडे आधीच आहे," बाई म्हणाल्या. "होडी कशाला हलवलीत?"

रँडलचा चेहरा पडला. "मॅडम, कर्जापायी परवाना जाईल का?"

"ते मी ठरवत नाही. कर्ज पुष्कळांना असतं. बायकोला माहीत आहे?"

तो बुटांकडे बघत राहिला.

"म्हणजे उद्या कुणी आलं आणि म्हणालं, तिला कर्जाचं सांगत नाही, फक्त तळावरचा एक गुप्त कागद आणून दे, तर?"

रँडलनं झुडपं कापायची कात्री खाली ठेवली.

त्याच संध्याकाळी त्यानं लोरीनला माझ्यापाशी आणलं आणि कप्पा उघडला. तिनं एकेक पत्र वाचलं.

"कर्जाचं एक वेळ चालेल," ती म्हणाली. "पण मी सगळीकडे सांगत सुटले, माझा नवरा उधारीवर काही घेत नाही म्हणून."

मग ती माझ्या काठावर बसून रडली. मला फार वाईट वाटलं, कारण या सगळ्याचं मूळ मीच होते.

रँडलनं फॉर्मवरचं उत्तर दुरुस्त केलं. कार्यालयाचं पत्र आलं: तीस दिवसांत थकबाकी मिटल्याचा पुरावा द्या, मग निर्णय होईल. दोघांनी मिळून माझ्यावर 'विकणे आहे'ची पाटी लावली.

काल क्लेटन नावाचा एक जण रोख रक्कम घेऊन आला. हाही तळावरचाच. मला थोपटून म्हणाला, "सौदा पक्का. फक्त आठवडाभर इथंच राहू दे. बायकोचा मूड बघून सांगेन तिला."

मुदतीचे नऊच दिवस उरले होते. रँडलनं पैशांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि चावी खिशात घातली.

"भाऊ, बायकोला घेऊन ये. मग चावी ने."

क्लेटन गेला तो गेलाच.

आता आठ दिवस राहिलेत. वाचकहो, कुणाला होडी हवी असेल तर लवकर या, रँडल भावातही थोडं कमी-जास्त करेल. फक्त एक करा, दोघं मिळून या.