मागच्या डाव्या स्प्रिंगचे म्हणणे

मित्रांनो, मी एक जुनी स्प्रिंग आहे. नम्रता लग्नाच्या दिवशी पावस गावच्या मंडपात वेळेवर पोचली आणि तिला मी पोचवलं. हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं समजा. आमच्या सगळ्या मिरकरवाडा बंदराने तसं समजायचं ठरवलंय, मग तुम्हीच वेगळे कशाला?

माझा जन्म भट्टीत झाला. लालभडक सळई गोल गोल गुंडाळली, तेलात बुडवली, झाले मी. पुढे मला आणि माझ्या जुळ्या बहिणीला एका मालवाहू व्हॅनच्या मागच्या चाकांवर बसवलं. ती उजवी, मी डावी. चौदा वर्षं आम्ही बंदरावरून मासळी आणि बर्फ वाहिला. खड्डा आला की दबायचं, गेला की उठायचं. दबल्याबद्दल शिव्या मिळाल्या. उठल्याबद्दल कुणी नारळसुद्धा फोडला नाही. व्हॅन मोडीत निघाली आणि आम्ही दर्शनच्या शेडमध्ये येऊन पडलो. आमच्यावर जाळी वाळत घालायचे. शनिवारी संध्याकाळी भंगारवाला येणार होता.

हा दर्शन होड्यांना फायबर लावणारा कारागीर. त्याने होडीच्याच फायबरमधून एका विदेशी स्पोर्ट्स कारची नक्कल बनवली. समोरून पाहिली तर शर्यतीची गाडी, बाजूने पाहिली तर पापलेट. हाताला सवय होडीची, म्हणून तळाला पाणी निघून जायला एक भोकही ठेवलं. धाकट्या बहिणीला, म्हणजे नम्रताला, रविवारी ह्याच गाडीतून लग्नाला न्यायचं असा त्याचा हट्ट होता.

"बसेन," नम्रता म्हणाली, "पण आई माझ्यासोबत. आणि दादा, गाडी एकदा जरी खाली घासली ना, तर उतरून वऱ्हाडाच्या टेम्पोत बसेन. कुणी विचारलं तर खरं काय ते सांगेन."

दर्शनला टेम्पोची भीती नव्हती. खरं सांगण्याची होती.

स्प्रिंगा निवडताना त्याने फोटो पाहिला. फोटोतली गाडी रस्त्याला चिकटून उभी होती. म्हणून त्याने पार्सलने दोन बुटक्या, मऊ, पिवळ्या स्प्रिंगा मागवल्या. त्या फोमच्या गादीत झोपून आल्या. सोबत नवे शॉकअपही होते.

बोटीची इंजिनं दुरुस्त करणारे केरूकाका ते बघून म्हणाले, "अरे, स्प्रिंग वजन बघून घेतात. तू फोटो बघून पसंत केलीस? मुलगी बघायला गेलेलास काय?"

"मग वजन घालून दाखवतो," दर्शन म्हणाला.

आता आईचं वजन आईला विचारायची हिंमत रत्नागिरी तालुक्यात कुणात नाही. त्याने अंदाजाने तीन माणसांच्या वजनाचा बर्फ क्रेटमध्ये भरला, क्रेट गाडीत रचले आणि वर गोणपाट टाकलं. मग उंची मोजायची टेप सापडेना. टेप शोधता शोधता चहा झाला, चहानंतर जेवण झालं. दुपारी येऊन त्याने मोजलं आणि ओरडला, "काका, गाडी बोटभरच दबलीय! पिवळ्या पास!"

बर्फ कधीच पाणी होऊन तळाच्या भोकातून निघून गेला होता. पिवळ्या स्प्रिंगांनी रिकामे क्रेट उचलले होते. मी जाळ्याखालून सगळं पाहत होते. मला ओरडता येत नाही, नाहीतर त्या दिवशी ओरडले असते.

शनिवारी सकाळी खरी तीन माणसं बसली, चालवायला दर्शन. पहिल्याच गतिरोधकावर खर्रर्र झालं.

"मेल्या!" आनंदीबाई, म्हणजे दर्शनची आई, किंचाळल्या. "माझ्या बुडाला रस्ता लागला!"

"दादा, टेम्पोवाल्याचा नंबर आहे माझ्याकडे," नम्रता शांतपणे म्हणाली.

केरूकाका शेडमध्ये आले, जाळी बाजूला केली आणि आम्हा दोघींना उचललं. "ह्या बघ. ह्यांनी बर्फ वितळायच्या आधी वाहिलाय."

"गंजल्यात त्या, काका."

"मी पण गंजलोय. काढू काय मला भंगारात?"

नवा शॉकअप माझ्या वेटोळ्यात बरोबर बसला. मित्रांनो, स्प्रिंग वजन उचलते आणि शॉकअप तिला नाचू देत नाही. माझ्या जोराला तो आधी पुरेना. पण त्याला कान पिळायची, म्हणजे चकती फिरवून घट्ट करायची, सोय होती. काकांनी पिळला. मग ह्या वेळी बर्फ नाही, आनंदीबाई स्वतः चढून बसल्या. गाडीचं पोट रस्त्यापासून चांगलं चार बोटं वर राहिलं. भंगारवाला आला आणि रिकाम्या हाताने गेला.

रविवारी वाटेत किती गतिरोधक आले ते मी मोजले नाहीत. मी कामावर होते. मंडपाच्या तोंडाशी मात्र पाण्याचा पाइप झाकायला जांभ्या दगडाचा उंचवटा घातला होता. मागे वऱ्हाडाचा टेम्पो. नम्रताचा एक हात शालूवर, दुसरा दाराच्या कडीवर. चाक चढलं, उतरलं आणि तिघांचा भार माझ्यावर आला. मी दबले. वेटोळ्यावर वेटोळं टेकेपर्यंत दबले. चौदा वर्षांचा बर्फ आठवला आणि उठले.

आवाज झाला नाही. नम्रताने कडी सोडली.

"सस्पेन्शन भारी आहे हो," नवऱ्याचे काका म्हणाले.

"इम्पोर्टेड," दर्शन म्हणाला.

सोमवारी त्याने फोटोसाठी पिवळ्या स्प्रिंगा परत बसवल्या. आम्ही पुन्हा जाळ्याखाली. ह्या शनिवारी भंगारवाला परत येणार आहे. येऊ दे. आनंदीबाईंनी कालच दोघींना तेलाचं फडकं फिरवलं आणि दर्शनला बजावलं, "ह्या गेल्या तर मी त्या गाडीत बसणार नाय."

मित्रांनो, जुन्या वस्तूला तेल लावा, पण दया म्हणून नको. आम्हाला दया चालत नाही. माझा अर्ज पुढीलप्रमाणे:

प्रति, मा. सक्षम अधिकारी. विषय : रविवारची घटना घडल्याची नोंद घेणेबाबत. महोदय, गाडीच्या नोंदणीपुस्तकात मालकाच्या वर दोन्ही स्प्रिंगांची नावे लावावीत. तसेच जिल्ह्यातील सर्व गतिरोधकांनी सदर गाडीसमोर येण्यापूर्वी अर्जदाराची लेखी परवानगी घ्यावी, ही विनंती. कळावे.

आपली न वाकणारी,
स्प्रिंग (मागची, डावी)