शून्य धरलेलं गाव

बोरखिंडच्या शाळेत डॉक्टरांचं पथक आलं, तेव्हा राजनंदिनीला बरंच वाटलं. तिची शिवांजली दुसरीत होती. उंचीनं बालवाडीतल्या पोरींएवढी, आणि काल गिरवलेलं अक्षर आज समोर ठेवलं तर नवीन असल्यासारखं बघायची. घरातले सगळे म्हणायचे, आईचं लक्ष नाही. नवरा उदयसिंह फौजेत होता. तो फोनवर आधी पोरीचा अभ्यास विचारायचा, मग बायकोची तब्येत. सासू बनुबाई तर तोंडावरच म्हणायची, "पोर हुशारच हाय. तूच कमी पडतीस." राजनंदिनी बी.ए. झालेली होती. रोज संध्याकाळी ती पाटी घेऊन पोरीपाशी बसायची आणि रोज रडू दाबत उठायची.

पथकाच्या प्रमुख डॉ. वल्लरी सांगलीच्या, लहान मुलांच्या डॉक्टर. आकडेवारी बघायला त्यांच्याबरोबर सुमंत नावाचा तरुण होता. त्यांनी पहिली-दुसरीच्या सगळ्या मुलांची डोकी फितीनं मोजली, चेहऱ्यांचे फोटो काढले, ठोकळे रचायला दिले, गोष्ट सांगून ती परत सांगायला लावली. मग एकेका आईला बोलावून गरोदरपणाबद्दल विचारलं. त्यात एक प्रश्न दारूचा होता. बायका पदर तोंडाला लावून हसल्या. राजनंदिनीही हसली.

महिन्याभरानं तिला परत बोलावणं आलं.

"शिवांजली आळशी नाही," वल्लरी म्हणाल्या. "तुमच्या शिकवण्यातही काही कमी नाही. तिच्या मेंदूची वाढ पोटात असतानाच अडली आहे."

इतक्या वर्षांत तिला असं कुणी म्हटलं नव्हतं. राजनंदिनीचे डोळे भरून आले. पण वल्लरी अजून बोलत होत्या, आणि एकेक शब्द जपून वापरत होत्या. शिवांजलीच्या नाकाखालची खोबण सपाट आहे, वरचा ओठ पातळ आहे, डोळ्यांच्या फटी आखूड आहेत, डोकं लहान आहे. एखादी खूण कुणाच्याही मुलात सापडते. सगळ्या एकत्र आल्या आणि त्यात असं विसरणं आलं, की एकच कारण पुढं येतं. दुसरी कारणं त्यांनी मध्यंतरी तिचं रक्त तपासून बघितली होती. त्यातलं काही निघालं नव्हतं.

"म्हणून परत विचारते. रागावू नका. पोटात शिवांजली असताना तुमच्या पोटात दारू गेली होती का?"

राजनंदिनीला आधी प्रश्न कळलाच नाही. कळला तेव्हा कानशिलं तापली.

"मॅडम, शिराळ्याला माझ्या माहेरी बाटली उंबऱ्याच्या आत येत नाही. मी वाससुद्धा ओळखत नाही."

"तुम्ही एकट्याच असतात तर मी माझंच चुकलं म्हटलं असतं," वल्लरी म्हणाल्या. "पण या शाळेत तशी आणखी मुलं आहेत. आणि हे गाव आम्ही मुद्दाम निवडलं होतं. गरोदरपणातल्या दारूनं होणारा हा आजार आपल्या भागात किती आहे ते कुणालाच ठाऊक नाही, कारण आजवर नुसतं विचारलं जायचं, आणि सगळ्या नाही म्हणायच्या. म्हणून यंदा मुलंच बघायची ठरवली. जिथं बायका दारूला शिवत नाहीत असं एक गाव तुलनेला हवं होतं. इथं शून्य येईल असं धरलं होतं आम्ही."

घरी येऊन तिनं जसंच्या तसं सांगितलं. सासरे हंबीरराव फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी जेवणाचं ताट बाजूला सारलं. दुसऱ्या दिवशी सकाळी इस्त्रीचा सदरा घालून ते शाळेत गेले. बरोबर बनुबाई, मागं राजनंदिनी.

"आमच्या घरच्या लेकीसुनांना दारुड्या म्हणायचा अधिकार तुमाला कुनी दिला?" त्यांनी उभ्या उभ्याच विचारलं.

"मी तसं म्हटलं नाही. मी विचारलं, आणि तुमच्या सुनेवर माझा विश्वास आहे. म्हणूनच मला काही सुचत नाहीये."

वल्लरींनी खुर्च्या पुढं केल्या. हंबीरराव बसले नाहीत. बनुबाई बसली आणि तिनंच बोलायला सुरुवात केली. तिला भांडायचं नव्हतं. तिला सुनेची बाजू मांडायची होती.

"आवं डाक्टरीणबाई, ही गरवार हुती तवा मी हिला हातावर झेललीया. जड उचलू दिलं न्हाई. हिची कंबर लय दुखायची, रातरात झोप न्हाई. रोज सांजंला माझ्या हातचा काढा दिला. त्या काढ्यावर आमच्या आळीतल्या किती पोरी सुखरूप बाळंत झाल्या, इचारा कुनालाबी."

"काढ्यात काय काय घालायचात?"

"सुंठ, ओवा, मिरी, गूळ. उकळून गाळायचं. आन निवला की त्यात ह्यांच्या कँटीनच्या रमचा अर्धा पेला."

सुंठ म्हटली त्याच सुरात तिनं रम म्हटलं. शेजारच्या वर्गात मुलं कविता म्हणत होती. सुमंतनं मान वर करून वल्लरींकडं बघितलं.

"रोज?"

"पाळी चुकली तवापासनं रोज. औषध मधीच सोडून चालतंय व्हय?"

हंबीररावांनी खुर्चीची पाठ धरली. "पेला? तू तर चमचा म्हनाली हुतीस मला."

"चमच्यानं झोप लागंना तिला. तुमीच सांगायचा की, बर्फात पेलाभर रमनं मानूस जगतंय."

राजनंदिनीला त्या काढ्याची चव आठवली. गुळाची गोडी, घशाला लागणारा चटका, छातीत उतरत जाणारी ऊब. ती ऊब तिला सासूची माया वाटली होती. परक्या घरात आल्यावर कुणीतरी आपल्यासाठी रोज चुलीपाशी उभं राहतंय, म्हणून ती पेल्याच्या तळाचा गूळही बोटानं चाटून खायची.

"आत्या, तुमी मला कधी सांगितलं न्हाई."

"सांगितलं असतं तर तू प्याली असतीस व्हय? म्हनून तर न्हाई सांगितलं."

हे बोलून झाल्यावर बनुबाईनं सगळ्यांच्या तोंडांकडं बघितलं. मग तिनं डॉक्टरांना विचारलं, "का वो? काय झालं?"

वल्लरींनी सोप्या शब्दांत सांगितलं. आईच्या पोटातली दारू बाळापर्यंत जाते. बाळाला ती पचवता येत नाही. काढ्यात घाला नाहीतर दुधात, दारू ती दारूच राहते.

"न्हाई," बनुबाई म्हणाली. "औषध हुतं ते."

"आजी, तुम्ही मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही."

"औषध हुतं," बनुबाई पुन्हा म्हणाली. या वेळी तिचा आवाज निघता निघता मोडला. तिनं राजनंदिनीकडं हात केला. राजनंदिनी मागं सरकली, आणि त्याच क्षणी तिला पद्मा आठवली.

पद्मा ही पलीकडच्या घरातल्या धोंडुबाईची सून. तिला पाचवा महिना होता. बनुबाईनं भरून दिलेली काढ्याची आणखी एक बाटली कालच राजनंदिनीनं तिला नेऊन दिली होती. स्वतःच्या हातानं.

ती कुणाला न सांगता वर्गाबाहेर पडली. चालता चालता पळायला लागली. धोंडुबाईच्या दारात पायातली चप्पलही तिनं काढली नाही. फळीवरची बाटली उचलली आणि मोरीत उपडी केली. गुळाचा आणि त्याखालचा दुसरा वास घरभर पसरला. आता तिला तो ओळखू आला.

"अगं ए, काय करतीस?" धोंडुबाई धावत आली.

राजनंदिनीला धाप लागली होती. पद्मा स्वयंपाकघराच्या दारात पोटावर हात ठेवून उभी होती. "पद्मा, हे पिऊ नगंस," एवढंच तिला बोलता आलं. पुढचं सगळं तिनं मोरीच्या कट्ट्यावर बसून, अडखळत सांगितलं. ऐकता ऐकता पद्मा भिंतीला टेकून खाली बसली.

वल्लरींनी पद्माला त्याच दिवशी तपासून घेतलं. बाळाच्या मेंदूबद्दल आत्ता काहीच सांगता येणार नाही, थांबावं लागेल, असं त्या म्हणाल्या. इथून पुढं थेंबही जाऊ दिला नाही तर त्याचा बाळाला फायदाच आहे, हेही त्यांनी दोनदा सांगितलं.

पथकानं प्रश्न बदलला. दारू घेतली का, असं विचारणं थांबलं. काढा घेतला का, कुणी करून दिला, त्यात काय होतं, असं विचारायला लागले. सुमंतनं आकडा काढला, चुकला असेल म्हणून परत काढला. दर पंधरा-सोळा मुलांमागं एक. एका गावावरून जिल्ह्याचा अंदाज करता येत नाही, हे त्यालाच सगळ्यांपेक्षा जास्त ठाऊक होतं. तालुक्यातली आणखी गावं घ्यायची ठरली, मग विट्याकडची.

हंबीररावांनी घरातल्या बाटल्या उकिरड्यावर रिकाम्या केल्या. पण बनुबाईशी ते बोलेनात, आणि बनुबाई जेवेना. राजनंदिनी पोरीला घेऊन शिराळ्याला गेली. तिकडं आई म्हणाली, राहा हवं तितकं. पण शिवांजलीला शिकवायला बोरखिंडजवळच्या कोरेगावात एक खास शिक्षिका मिळत होत्या, म्हणून ती परत आली. त्या बाई एका वेळी एकच अक्षर घेत, हातानं वाळूत काढून घेत. पोर अजून विसरायची. पण विसरल्यावर आता तिला कुणी ओरडत नव्हतं.

पुढच्या गावात मात्र बायका तोंड उघडेनात. सासूच्या देखत कोण काय सांगणार? बनुबाईच्या कानावर हे गेलं. ती वल्लरींकडं जाऊन म्हणाली, "मला न्या. सासवांशी मी बोलते. मी काय केलं ते मीच सांगते." वल्लरी तयार नव्हत्या. म्हाताऱ्या बाईला गावोगाव असं उभं करणं त्यांना बरं वाटेना. शेवटी त्यांनी राजनंदिनीला विचारलं.

"जाऊ द्या त्यांना," राजनंदिनी म्हणाली. "मीपण येते. सुनांशी मी बोलीन."

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी उदयसिंहचा फोन आला. त्याला सगळं कळून बरेच दिवस झाले होते, तरी तो नीट बोलू शकत नव्हता. पोरीची चौकशी झाल्यावर त्यानं विचारलं,

"आईला माफ केलंस का गं?"

"न्हाई," राजनंदिनी म्हणाली. "लगेच व्हनार न्हाई ते. तुमी पन घाई करू नका. उद्या आमी दोघी निघालोय, सकाळच्या एसटीनं."

आत बनुबाई पिशवीत एक लुगडं घडी करून ठेवत होती. राजनंदिनीनं फोन ठेवला आणि आपलीही पिशवी काढली.